तारीख नसलेला खटला: महाराष्ट्रातल्या तालुका न्यायालयांत सीआयएस कशी रुजली

दावा दाखल झाला की नंबर पडतो, नंबर पडला की तारीख पडते. त्या तारखेला दावा बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या कामांच्या यादीवर, येतो, पुकारा होतो, काम चालतं किंवा चालत नाही, आणि पुढची तारीख मिळते. तालुका न्यायालयातल्या खटल्याचा सगळा जीव या पुढच्या तारखेत असतो. ती पडायची राहिली तर खटला निकाली निघत नाही आणि फेटाळलाही जात नाही, नुसता कपाटात पडून राहतो. न्यायालयांच्या संगणकीकरणाचा विषय निघाला की मोबाईल ॲप, ऑनलाइन निकाल, व्हिडिओ सुनावणी यांची चर्चा होते. माझ्या मते कसोटी त्याहून साधी आहे. एखादा खटला तारखेविना राहिला तर ते कुणाला कळतं का, आणि किती दिवसांत कळतं?

ही कसोटी हाती घेऊन इथे एकच प्रकरण पाहायचं आहे. देशभरातल्या आणि म्हणून महाराष्ट्रातल्याही जिल्हा व तालुका न्यायालयांत वापरात असलेली, खटल्यांच्या नोंदी ठेवणारी संगणक प्रणाली केस इन्फर्मेशन सिस्टीम, म्हणजे कोर्टात सगळे जिला नुसतं सीआयएस म्हणतात ती. ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुण्यातल्या चमूने बांधली. आपल्याकडे याची फारशी जाण नाही, ती असायला हवी.

आधीची व्यवस्था

कागदी व्यवस्था गबाळी होती असं समजू नये. मुंबई उच्च न्यायालयाच्या दिवाणी आणि फौजदारी मॅन्युअलमध्ये कोणती नोंदवही कशी ठेवायची, त्यात कोणते रकाने असावेत, हे सगळं ठरवून दिलेलं आहे. दाव्यांची नोंदवही वेगळी, दरखास्तींची (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठीच्या अर्जांची) वेगळी, किरकोळ अर्जांची वेगळी. प्रत्येक फाईलमध्ये रोजनामा. त्या दिवशी कोण हजर होतं, कोणती निशाणी (क्रमांक दिलेला कागद किंवा अर्ज) दाखल झाली, साहेबांनी काय हुकूम केला, पुढची तारीख कोणती, हे सगळं त्यात.

अडचण अशी की तारीख एकाच ठिकाणी लिहून भागत नसे. ती रोजनाम्यात लिहायची, मग कोर्टाच्या डायरीत त्या तारखेच्या पानावर दाव्याचा नंबर चढवायचा, आणि फाईल त्या तारखेच्या गठ्ठ्यात लावायची. तिन्ही कामं एकाच माणसाची, तीही दिवसभर बोर्ड चालवून झाल्यावर. डायरीत नंबर चढवायचा राहिला तर ठरल्या दिवशी पुकारा होत नाही. पक्षकार गावाहून एसटीने येतो, दुपारपर्यंत थांबतो, मग वकिलाला विचारतो. वकील लिपिकाला विचारतो. फाईल शोधावी लागते आणि सापडली तर नवी तारीख मिळते. पक्षकारच आला नाही, वादीचा वकील बदलला किंवा वादी वारला, तर विचारणारं कुणी उरत नाही.

याहून गंभीर बाब दर महिन्याच्या विवरणपत्रात दडलेली होती. प्रत्येक न्यायालय वरिष्ठांना प्रलंबित प्रकरणांचा आकडा कळवत असे. तो कसा काढत? मागील शिल्लक, अधिक या महिन्यात दाखल, वजा निकाली. हिशेब बरोबर, पण फायली कुणी मोजलेल्या नसत. अनेक वर्षांपूर्वी एकदा चुकलेली शिल्लक महिन्यामागून महिने पुढे ओढली जाई. म्हणजे न्यायालयाकडे किती खटले आहेत हे सांगणारा आकडा होता, पण त्या आकड्यातला एकेक खटला बोट ठेवून दाखवता येत नव्हता.

प्रकल्पाचे टप्पे

२००४ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीची स्थापना झाली. निवृत्त न्यायमूर्ती जी. सी. भरुका तिचे पहिले अध्यक्ष. २००५ मध्ये राष्ट्रीय धोरण व कृती आराखडा आला. त्यातून उभ्या राहिलेल्या ई-कोर्ट प्रकल्पाचा पहिला टप्पा २००७ मध्ये सुरू झाला आणि २०१० मध्ये त्याचा खर्च ९३५ कोटी रुपयांपर्यंत वाढवण्यात आला. दुसरा टप्पा २०१५ चा, १,६७० कोटींचा. तिसऱ्याला १३ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, चार वर्षांसाठी ७,२१० कोटी.

पहिल्या टप्प्यात संगणक आले, सर्व्हरची खोली आली, न्यायाधीशांना लॅपटॉप मिळाले. पण राज्याराज्यांत प्रणालीची रूपं वेगळी झाली. प्रकरणाचे प्रकार, टप्पे, निकालाचे प्रकार यांची नावं आणि संकेत जुळेनात. एका राज्यात ज्याला एक म्हणायचं त्याला दुसऱ्यात भलतंच. अशा माहितीची बेरीज होत नाही.

दुसऱ्या टप्प्यात यावर जो तोडगा निघाला तो मला या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. प्रणालीचे दोन भाग केले गेले. गाभा देशभर एकच: प्रकरणाची नोंदणी, क्रमांक, पक्षकार, कायदा व कलम, तारीख, टप्पा, निकाल. त्याला कुणी हात लावायचा नाही. गाभ्याभोवतीचा परिघ मात्र प्रत्येक उच्च न्यायालयाच्या हाती. आपल्याकडचे प्रकरणांचे प्रकार, आपले नमुने, आपली भाषा तिथे बसवायची आणि स्थानिक प्रकारांची सांगड राष्ट्रीय संकेतांशी घालायची. सगळं मुक्त सॉफ्टवेअरवर उभारलं, उबुंटू या कार्यप्रणालीवर, म्हणजे परवान्याचं शुल्क नाही आणि मूळ संहिता (सोर्स कोड) सरकारी चमूच्या हातात.

हा निर्णय किती मोलाचा ते कॅलिफोर्नियाकडे पाहिलं की लक्षात येतं. त्या राज्याने आपल्या ५८ काउंटींच्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांच्या) न्यायालयांसाठी एकच प्रणाली बाहेरच्या कंत्राटदाराकडून बांधून घ्यायला घेतली. २०११ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांनी खर्च १.९ अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकतो असं सांगितलं. २७ मार्च २०१२ रोजी तिथल्या न्यायिक परिषदेने राज्यभरात प्रणाली बसवण्याचं काम थांबवलं, तोवर सुमारे ५० कोटी डॉलर खर्ची पडले होते. त्यानंतर काउंट्यांनी आपापल्या सोयीने बाजारातल्या तयार प्रणाल्या घेतल्या. अलामेडा काउंटीत १ ऑगस्ट २०१६ रोजी अनेक दशकं जुनी प्रणाली बंद करून नवी सुरू झाली आणि काही महिन्यांत तिथल्या सार्वजनिक बचाव वकिलांचं कार्यालय न्यायालयात गेलं. नोंदी उशिरा आणि चुकीच्या होत असल्यामुळे रद्द झालेल्या वॉरंटवर लोकांना अटक होते, सुटका व्हायची ती माणसं तुरुंगात राहतात, ही त्यांची तक्रार होती. कारण साधं होतं. जुन्या प्रणालीत चटकन होणारी नोंद नव्या प्रणालीत जास्त वेळ घेत होती, आणि न्यायासनासमोर तेवढा वेळ नव्हता.

अलामेडाचा हा धडा आपल्या तालुका न्यायालयालाही जसाच्या तसा लागू पडतो, तो पुढे येईलच.

सोळा अक्षरांचा क्रमांक

रेग्युलर दिवाणी मुकदमा नंबर अमुक, सन तमुक. हा क्रमांक न्यायालयापुरता आणि वर्षापुरता असतो. त्याच वर्षी त्याच नंबरचा दावा बारामतीत असतो, जुन्नरमध्ये असतो, निलंग्यातही असतो. पक्षकाराला नुसता नंबर सांगितला तर तो काहीच सिद्ध करत नाही.

सीआयएसने प्रत्येक प्रकरणाला सीएनआर (केस नंबर रेकॉर्ड) क्रमांक दिला. सोळा अक्षरं आणि आकडे. पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, म्हणजे पुण्याच्या प्रकरणाची सुरुवात एमएचपीयू अशी होते. मग दोन आकडे न्यायालयीन आस्थापनेचे, सहा आकडे अनुक्रमाचे आणि शेवटचे चार वर्षाचे. त्याच आस्थापनेत दावा एका न्यायाधीशांकडून दुसऱ्यांकडे वर्ग झाला, तरी सीएनआर तोच राहतो. आता पक्षकाराला कोर्टाची पायरी न चढता, वकिलाला फोन न लावता, त्या क्रमांकावरून पुढची तारीख कळते. वकिलावर संशय घेण्यासाठी नव्हे, पण मजुरी बुडवून तालुक्याला जाणाऱ्या माणसाला आपली तारीख आपण पाहता येणं ही मोठी गोष्ट आहे. आम्हा वकिलांनाही ती सोयीची आहे.

आता पुन्हा तारखेकडे. न्यायालयांतली माहिती राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर जाते, आणि २०१५ पासून हा ग्रिड सर्वांना खुला आहे. देशाच्या आकड्यावरून राज्य, राज्यावरून जिल्हा, जिल्ह्यावरून एकेक न्यायालय आणि तिथून थेट एकेक प्रकरण, असं उतरत जाता येतं. विवरणपत्रातला आकडा वजाबाकीतून यायचा, हा आकडा प्रकरणं मोजून येतो. जागतिक बँकेने व्यवसायसुलभतेच्या २०१८ च्या अहवालात या ग्रिडची दखल घेतली ती याच कारणाने. स्थानिक न्यायालयांचे मोजमाप-अहवाल आता निघू शकत होते.

या ग्रिडने एक वर्गवारी पुढे आणली जिचं महत्त्व फार थोड्यांना जाणवलं: बिनतारखेची प्रकरणं. प्रलंबित आहेत, पण पुढची तारीख नोंदलेली नाही, अशी प्रकरणं. शेजारी दुसरी वर्गवारी, फार लांबची तारीख दिलेल्या प्रकरणांची. कागदाच्या काळात या खटल्यांची यादी करायची तर प्रत्येक कपाट उघडावं लागलं असतं. आता जिल्हा न्यायाधीश आपल्या टेबलावर बसून पाहू शकतात की अमुक तालुक्यात इतकी प्रकरणं तारखेविना आहेत, आणि त्या न्यायालयाला विचारू शकतात. देशभरातल्या जिल्हा न्यायालयांत प्रलंबित प्रकरणं चार कोटींच्या वर गेली आहेत. महाराष्ट्राचा वाटा ५० लाखांहून अधिक आहे. सीआयएसने हा डोंगर कमी केला असं कुणी म्हणू नये, ते तिचं कामच नव्हे. न्यायाधीशांची पदं रिकामी असतील तर कोणतीही प्रणाली निकाल देणार नाही. पण डोंगराखाली गाडला गेलेला खटला दिसू लागला, आणि ते मोलाचं आहे.

लिपिकाची संध्याकाळ

ही सगळी माहिती भरतो कोण? न्यायालयातला लिपिक. बोर्डावर साठ-सत्तर, कधी शंभरावर प्रकरणं असतात. पुकारा करायचा, निशाण्या लावायच्या, साक्षीदार आला तर त्याच्याकडे पाहायचं, अर्जावर समोरच्याचा से, म्हणजे लेखी म्हणणं, घेतला का ते बघायचं, रोजनामा लिहायचा. मग कोर्ट उठल्यावर तीच तारीख, तोच टप्पा संगणकात भरायचा. बऱ्याच ठिकाणी वर्षानुवर्षं नोंदवह्याही चालू राहिल्या, कारण मॅन्युअल त्या मागतं आणि तपासणीला आलेले अधिकारीही त्याच मागतात. प्रणाली नोंदवही छापून देऊ शकते, तरीही हाताने लिहिलेली वही ठेवण्याचा आग्रह सुटता सुटत नाही.

म्हणजे आधुनिकीकरणाने एका माणसावर दोन व्यवस्थांचा भार टाकला. चूक शिरते ती इथेच. रोजनाम्यात चौदा तारीख, संगणकात चोवीस. पक्षकाराच्या मोबाईलवर चोवीसचा संदेश. चौदाला पुकारा होतो, कुणी हजर नाही, आणि दावा गैरहजेरीत काढून टाकला जातो. मग तो पुन्हा फाईलवर घेण्यासाठी अर्ज, त्याला उशीर झाला तर उशीर माफीचा अर्ज. संकेतस्थळावर सूचना असते की ही माहिती प्रमाणित नकलेची जागा घेत नाही. कायद्याने ते बरोबर असेल. पण संदेश सरकारी यंत्रणेकडून आला आहे म्हटल्यावर साधा माणूस त्यावर विश्वास ठेवणारच, आणि त्याने ठेवावाही.

उपाय अवघड नाही. तारीख न्यायाधीशांनी उच्चारली त्याच क्षणी, सर्वांसमोर, संगणकात भरली जावी आणि रोजनामा त्याच नोंदीतून छापून निघावा. एकदाच लिहायचं, एकाच जागी. जिथे न्यायाधीश स्वतः याबाबत आग्रही असतात तिथे हे होतं, आणि तिथल्या तारखा चुकत नाहीत. जिथे लिपिकाच्या दोन जागा रिकाम्या आहेत आणि एक माणूस दोन कोर्टांचा बोर्ड सांभाळतो, तिथे ते होत नाही. अलामेडात न्यायासनासमोर नोंदीला वेळ पुरेना म्हणून माणसं अडकली. आपल्याकडे तीच नोंद संध्याकाळवर ढकलली जाते, त्यामुळे दोष उशिरा दिसतो, एवढाच फरक.

आणखी एक गोष्ट पडद्यावर नीट उतरलेली नाही. दाव्यात निशाणी ५ चा मनाई अर्ज प्रलंबित असतो, शिवाय वारस नोंदवण्याचा अर्ज असतो, शिवाय कोर्ट कमिशनर नेमण्याचा. पुढच्या तारखेपुढे मात्र एकच हेतू दिसतो. पक्षकार वाचतो ‘से’, आणि त्याला वाटतं दावाच से साठी आहे. रोजनाम्याच्या चार ओळी हा गुंता नीट सांगत असत. आपल्या वाटपाच्या दाव्यांत तीस-तीस प्रतिवादी असतात, त्यातला एखादा वारतो, त्याचे वारस येतात, मग त्यातला कुणी वारतो. फाईलमध्ये दाव्याची दुरुस्ती होते. संगणकातली पक्षकारांची यादी त्याच दिवशी दुरुस्त होतेच असं नाही, आणि नवीन वारसांना संदेश जात नाही. जुन्या फायलींतून भरलेल्या प्रकरणांत तर मोबाईल नंबर असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे ज्यांचे दावे सर्वांत जुने, त्यांच्यापर्यंत सोय सर्वांत शेवटी पोचते.

ज्ञानेश्वर कसा शोधायचा

संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावावरून प्रकरण शोधता येतं. किमान तीन अक्षरं आणि वर्ष द्यायचं. नावं बहुतांशी रोमन लिपीत भरलेली. आता ज्ञानेश्वर हे नाव आपल्याकडे डी-एन-वाय ने लिहितात, कुणी जी-वाय ने, कुणी नुसतं डी-एन ने. वैद्य, क्षीरसागर, शिंदे, ऋषिकेश, प्रत्येकाची हीच गत. एकाच दाव्यात एका भावाचं आडनाव एका तऱ्हेने आणि दुसऱ्याचं दुसऱ्या तऱ्हेने पडलेलं असतं. शोधणाऱ्याला ‘नोंद आढळली नाही’ असं उत्तर मिळतं आणि तो समजतो की प्रकरण नाही. जमीन विकत घेणारा माणूस त्या जमिनीवर दावा आहे का हे पाहायला नाव टाकतो, तेव्हा हे उत्तर महागात पडतं.

१९९८ पासून महाराष्ट्रातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे. दावा मराठीत, कैफियत मराठीत, सातबारा मराठीत, आधार कार्डावर नाव देवनागरीतही छापलेलं. मग नावाचा मूळ रकाना देवनागरी असायला काय हरकत आहे? परिघ उच्च न्यायालयाच्या हाती आहेच. नाव दाव्यात जसं आहे तसं देवनागरीत भरणं सक्तीचं करावं आणि शोध त्यावरून चालावा. रोमन रूप प्रणालीने स्वतः तयार करावं, देशभरच्या बेरजेसाठी तेवढं पुरेल. न्यायाचं दार भाषेवर अडू नये असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही मागणी लावून धरावी.

बेलीफच्या हातातला फोन

समन्सची बजावणी हा दिवाणी दाव्याचा सर्वांत जुना अडथळा. प्रतिवादी घरी असतो, पण अहवाल येतो, ‘सदर इसम मिळून आला नाही’. कधी ते खरं असतं, कधी नसतं. परजिल्ह्यातलं समन्स तर टपालाने तिथल्या न्यायालयाकडे, तिथून नाझर विभागाकडे, तिथून समन्स नेऊन देणाऱ्या कर्मचाऱ्याकडे म्हणजे बेलीफकडे, आणि अहवाल उलट्या वाटेने. तो तारखेच्या आत परत आला तर नशीब.

एनस्टेप या व्यवस्थेत समन्स सीआयएसमधून तयार होतं, दुसऱ्या जिल्ह्यातल्या न्यायालयाकडे इलेक्ट्रॉनिक मार्गाने जातं आणि बेलीफच्या फोनवर दिसतं. बजावणीच्या जागी पोचल्यावर ठिकाण आणि वेळ नोंदली जाते, फोटो आणि सही घेता येते. घर बंद असेल तर बंद घराचा फोटो. दावा कुठे अडला आहे हे आता न्यायाधीशांना फाईलची वाट न पाहता दिसतं. बेलीफांनाही याचा आधार आहे. प्रामाणिकपणे तीस किलोमीटर जाऊन आलेल्या माणसावर ‘गेलाच नाही’ असा आरोप झाला, तर आता त्याच्याकडे पुरावा आहे. फोन जुना झाला, रेंज नाही, बदलीवर आलेल्याला प्रशिक्षण नाही, अशा तक्रारी आहेत, आणि त्या सोडवण्याजोग्या आहेत.

ई-फायलिंगबद्दल थोडक्यात. सक्तीची भाषा आली तेव्हा वकील संघांनी हरकती घेतल्या. तालुक्याच्या ठिकाणी स्कॅनर, वीज आणि इंटरनेटची अवस्था पाहता त्यातल्या बऱ्याच रास्त होत्या. ई-फायलिंग करूनही कागदी संच द्यावाच लागणार असेल तर वकिलाचंही लिपिकासारखंच दुप्पट काम होतं.

तिसऱ्या टप्प्याकडून काय हवं

७,२१० कोटींपैकी २,०३८.४० कोटी एकट्या जुन्या अभिलेखांच्या स्कॅनिंग आणि जतनासाठी ठेवले आहेत. प्रत्येक संकुलातले सर्व्हर जाऊन माहिती क्लाउडवर नेण्याची तरतूद आहे. वीज गेली की सर्व्हर बंद, हे तालुक्यांचं जुनं दुखणं आहे, म्हणून हे स्वागतार्ह. कृत्रिम बुद्धिमत्तेसारख्या भावी तंत्रज्ञानासाठी ५३.५७ कोटी आहेत. प्रशिक्षण आणि क्षमतावाढीसाठी २०८.५२ कोटी, आणि मला वाटतं निकाल या शेवटच्या रकमेवर ठरेल.

स्कॅनिंगचं काम हाती घेताना प्रत्येक फाईल कपाटातून निघणार आहे, पान पान हाताळलं जाणार आहे. अशी संधी पुन्हा येणार नाही. त्याच वेळी फाईलचा रोजनामा आणि सीआयएसमधली नोंद शेजारी ठेवून ताडून पाहावी. तारीख जुळते का, पक्षकार तेच आहेत का, वारस चढले का, नाव देवनागरीत आहे का, मोबाईल नंबर मिळतो का. जुळत नसेल तर तिथेच दुरुस्त करावं आणि दुरुस्ती कुणी केली त्याची नोंद ठेवावी. फाईल आहे पण प्रणालीत नाही, किंवा प्रणालीत आहे पण फाईल सापडत नाही, अशा प्रकरणांची यादी न्यायालयाच्या फलकावर लावावी, म्हणजे वकील आणि पक्षकार आपल्याकडच्या प्रती घेऊन पुढे येतील. हे काम कंत्राटी स्कॅनिंग चमूवर सोडता येणार नाही, रोजनामा वाचता येणारा न्यायालयाचा माणूसच ते करू शकतो. त्या माणसाला तेवढ्या काळापुरतं बोर्डाच्या कामातून मोकळं करावं लागेल, आणि त्याच्या जागी दुसरा द्यावा लागेल.